मानसशास्त्राचे शिक्षक: नावापुढच्या पदव्या कशा वाचायच्या

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या एका कुटुंबातली मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली आहे आणि तिला पुढे क्लिनिकल, म्हणजे मनोविकारांचं निदान आणि उपचार, करायचं आहे. बडोद्याबाहेरच्या एका छोट्या खाजगी विद्यापीठात एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजीला प्रवेश मिळतो आहे. विभागात सात शिक्षक आहेत. दोघे पीएच.डी., एक नेट (प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा), एक एम.फिल., एक एम.एड., एक जण बरीच वर्षं कंपनीत एच.आर. सांभाळून आलेले, आणि एका बाईंच्या नावाखाली नुसतं ‘काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट’. आईवडील विचारतात, यातलं काय खरं कामाचं आणि काय नुसतं कागदावरचं, हे आम्ही कसं ओळखायचं?

आधी एक गोष्ट सांगतो, बाकी सगळं तिच्याभोवतीच फिरतं. सात जणांच्या पदव्या मोजू नका. वेळापत्रक मागून घ्या आणि कोण कोणता पेपर शिकवतं ते पदवीशेजारी लिहून काढा. छोट्या विभागात शिक्षक नालायक असतात असं मुळीच नाही. अडचण वेगळी असते. माणसं कमी आणि पेपर जास्त, म्हणून ज्यांची आयुष्यभराची बैठक संघटनात्मक, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या, मानसशास्त्राची आहे त्यांच्या गळ्यात मनोविकृतीचा पेपर पडतो, आणि ज्यांनी रुग्णालयात वर्षं काढली त्यांना संख्याशास्त्र शिकवावं लागतं. नुकसान होतं ते मुलांचं.

नियमाने किमान काय लागतं ते बघू. यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, याच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापक व्हायला त्या विषयात किमान ५५ टक्क्यांनी पदव्युत्तर पदवी (राखीव प्रवर्गांना ५ टक्के सूट) आणि नेट किंवा सेट लागते. यूजीसीच्या नियमांनुसार केलेली पीएच.डी. असेल तर नेटमधून सूट मिळते. विद्यापीठाच्या विभागांत पीएच.डी. सक्तीची करायचं ठरलं होतं, पण १ जुलै २०२३ पासून ती ऐच्छिक राहिली. म्हणजे पीएच.डी. नसलेले पण नेट झालेले शिक्षक दिसले तर ते कमअस्सल समजू नका. सहयोगी प्राध्यापकाला पीएच.डी. आणि ८ वर्षांचा अनुभव लागतो, प्राध्यापकाला १० वर्षांचा. नुसत्या एम.फिल.वर, नेट किंवा पीएच.डी. न करता, नियमित पद मिळत नाही. म्हणून ‘एम.फिल.’ एवढंच लिहिलेले शिक्षक बहुतेक करून कंत्राटी किंवा व्हिजिटिंग असतात. तसं असणं गैर नाही, पण परीक्षेच्या आणि प्रबंधाच्या दिवसांत ते हाताशी असतील का, हे विचारून ठेवावं.

मराठी घरांतून इथे एक चूक नेहमी होते. सेट ही राज्याची परीक्षा. १ जून २००२ नंतर उत्तीर्ण झालेली सेट त्याच राज्यातल्या विद्यापीठांपुरती चालते. महाराष्ट्राची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि गुजरातची जीसेट आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाकडे आहे. पुण्याहून सेट होऊन आलेल्या शिक्षिका बडोद्यात त्या सेटच्या जोरावर नियमित पदावर लागू शकत नाहीत, त्यांना नेट किंवा जीसेट हवी. तुमच्या मुलीला पुढे शिकवायचं असेल तर तिनेही हे आत्ताच लक्षात घ्यावं. नेट सगळीकडे चालते.

आता क्लिनिकलकडे येतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे नाव भारतात कायद्याने बांधलेलं आहे. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आर.सी.आय., हिच्या १९९२ च्या कायद्याखाली केंद्रीय नोंदवही ठेवली जाते. त्या नोंदवहीत नाव नसताना व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली व्याख्याही आर.सी.आय.ने मान्य केलेल्या शिक्षणाकडेच बोट दाखवते. आजवरची रूढ वाट अशी होती: मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी., मग मान्यताप्राप्त संस्थेत दोन वर्षं पूर्णवेळ एम.फिल., रोज रुग्णालयात, वरिष्ठांच्या देखरेखीखाली. बंगळुरूचं निम्हान्स आणि रांचीचं सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ सायकायट्री ही त्यातली जुनी घराणी. नव्या शिक्षण धोरणात एम.फिल. बंद झाली, पण क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकायट्रिक सोशल वर्क या दोन शाखांना २०२५-२६ पर्यंत मुभा मिळाली. दरम्यान आर.सी.आय.ने साय.डी. (मानसशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट) आणि स्वतःचा दोन वर्षांचा एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी असे मार्ग आखले.

आणि इथेच सगळ्यात मोठा खड्डा आहे. नाव एकच, ‘एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी’, पण एक आर.सी.आय.ने मान्य केलेला आणि दुसरा विद्यापीठाने आपल्या अधिकारात सुरू केलेला. दुसरा बेकायदा नाही. पदवी खरी असते, तिच्यावर नेट देता येते, पीएच.डी. करता येते. पण तेवढ्यावर नोंदवहीत नाव लागत नाही. दोन वर्षं फी भरून झाल्यावर हे कळतं तेव्हा घरात काय होतं ते लिहायला नको. म्हणून शिक्षकांकडे वळण्याआधी आर.सी.आय.च्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत या विद्यापीठाचं नाव, याच अभ्यासक्रमापुढे आणि याच शैक्षणिक वर्षासाठी आहे का, ते डोळ्यांनी बघा. ‘अर्ज केला आहे’, ‘मान्यता येणार आहे’ हे उत्तर म्हणजे आज मान्यता नाही.

मान्यता नसलेल्या विभागातही नोंदणीकृत क्लिनिकल शिक्षक असतील तर मुलीचा फायदाच आहे. तो फायदा नेमका कुठे होतो, हे केस हिस्टरीच्या एका पानावर दिसतं. विद्यार्थिनी रुग्णाशी बोलून येते आणि पहिल्याच ओळीत लिहिते, ‘रुग्णाला नैराश्य आहे.’ ज्यांनी रुग्णालयात काम केलं आहे ते शिक्षक ही ओळ खोडतात. तक्रार रुग्णाच्या शब्दांत लिहायची, मुदतीसह, आणि जी आधी सुरू झाली ती आधी: ‘तीन महिन्यांपासून झोप लागत नाही. दोन महिन्यांपासून दुकानात जावंसं वाटत नाही. पंधरा दिवसांपासून जेवण नको वाटतं.’ मग विचारतात, माहिती दिली कुणी? स्वतः रुग्णाने की बायकोने? दोघांच्या सांगण्यात फरक पडला का? झोप लागतच नाही की पहाटे तीनला उडते? पहिल्यात आणि दुसऱ्यात फरक आहे, आणि निदान त्या फरकावर हलतं. नैराश्य हा शब्द सगळ्यात शेवटी यायचा. ही सवय पुस्तकातून लागत नाही, कुणीतरी शेजारी बसून लावावी लागते. सात जणांत असं एक माणूस पूर्णवेळ असावं, आणि मनोविकृती, मूल्यमापन व इंटर्नशिप ही तीन कामं त्याच माणसाकडे असावीत.

हे तपासायचं कसं? नोंदणी क्रमांक मागा. त्याला सी.आर.आर. क्रमांक म्हणतात, आणि नोंदणी पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. तेव्हा क्रमांक चालू आहे का तेही बघा. क्लिनिकल माणूस क्रमांक विचारल्यावर रागावत नाही, पाटीवर लिहिलेलाच असतो.

‘काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट’ या शब्दाला असा आधार अजून पक्का झालेला नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात क्लिनिकल सोडून बाकीचे मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक येतात, पण आज ही पाटी लावणाऱ्यांत फार फरक सापडतो. कुणी दोन वर्षं एम.ए. काउन्सेलिंग करून शाळेत पाच वर्षं काढलेली असतात, कुणी दोन शनिवार-रविवारचं प्रमाणपत्र घेतलेलं असतं. म्हणून तीनच गोष्टी विचारा: शिक्षण किती महिन्यांचं, त्यात देखरेखीखाली प्रत्यक्ष समुपदेशनाचे तास किती, देखरेख कुणाची. एन.सी.ई.आर.टी.चा गाइडन्स-काउन्सेलिंगचा वर्षभराचा डिप्लोमा केलेले शिक्षक शालेय समुपदेशनासाठी भरवशाचे असतात.

पीएच.डी.कडे बघताना नुसतं ‘पीएच.डी. (मानसशास्त्र)’ वाचून थांबू नका, प्रबंधाचा विषय वाचा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं ‘शोधगंगा’ हे भांडार सगळ्यांना खुलं आहे. शिक्षकाचं नाव टाका, विद्यापीठ निवडा, शीर्षक समोर येतं. बँक कर्मचाऱ्यांचं कार्यसमाधान हा प्रबंध असेल तर माणूस संघटनात्मक मानसशास्त्राचा आहे. त्याने तो पेपर, सर्वेक्षण आणि संख्याशास्त्र शिकवावं, उत्तम शिकवेल. मधुमेहींचा ताण असा विषय असेल तर आरोग्य मानसशास्त्र. प्रबंधातलं ‘नमुना आणि साधने’ हे प्रकरण उघडलंत तर कोणत्या चाचण्या त्यांनी स्वतः वापरल्या ते कळतं. प्रश्नावली वाटून गोळा करणं आणि एकेका मुलाला समोर बसवून दीड तास बुद्धिमापन करणं, ही दोन अगदी वेगळी कौशल्यं आहेत. शोधगंगेवर नाव सापडलं नाही म्हणून लगेच खोटं समजू नका, जुने प्रबंध सगळे चढवलेले नाहीत. २०१६ च्या नियमांपासून पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात. त्यानंतरच्या प्रवेशाची पदवी त्याहून लवकर आलेली दिसली तर मात्र खुलासा मागावा.

प्रयोगशाळेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पालक तिथे डोकावतच नाहीत. मिरर ड्रॉइंगचा प्रयोग घ्या. लाकडी पाटावर दुहेरी रेघांचा तारा, समोर उभा आरसा, मध्ये पडदा. प्रयुक्ताने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो त्याने, ताऱ्याकडे थेट न बघता आरशात बघून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. साधारण असं करतात: आधी डाव्या हाताने दोनदा, मग उजव्याने दहा वेळा, पुन्हा डाव्याने दोनदा, आणि प्रत्येक वेळी सेकंद व चुका मोजायच्या. उजव्या हाताचा सराव डाव्याला किती उपयोगी पडला ते त्यावरून कळतं. बिघडतं कुठे? पडदा खाली बसवला तर प्रयुक्त हाताकडे चोरून बघतो आणि प्रयोगाचा जीवच जातो. पाट टेबलाला घट्ट धरलेला नसेल तर सरकतो आणि रेघेला पेन्सिल लागली ती चूक कुणाची हे सांगता येत नाही. एक जण पेन्सिल टेकताच घड्याळ सुरू करतो, दुसरा हलल्यावर, मग दोघांचे आकडे जुळवून उपयोग नाही. ज्यांनी हे काम मनापासून केलं आहे त्या शिक्षकांना जर्नल, म्हणजे प्रयोगवही, बघताच कळतं. खरा अध्ययन-वक्र, म्हणजे शिकण्याचा आलेख, वेडावाकडा असतो, तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात चुका मध्येच वाढतात, कुठे तो सपाट होतो. घरी बसून भरलेल्या जर्नलात तो जिन्यासारखा एकसारखा उतरतो. विभागात गेलात तर मागच्या वर्षीची तीन-चार जर्नलं बघायला मागा. आकडे एकसारखे उतरत असतील आणि खाली शिक्षकांची सही तरी असेल, तर त्या विभागात प्रात्यक्षिक शिकवलं जात नाही.

दूरस्थ पद्धतीने एम.ए. केलेले शिक्षकही भेटतील. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन शिकवायला मनाई केली आहे. आधीच्या मान्य पदव्या त्यामुळे बाद होत नाहीत. पण अशा शिक्षकांनी प्रात्यक्षिक कुठे आणि कुणाजवळ शिकलं, हे जरूर विचारावं.

मानव विकास किंवा बालविकास या पार्श्वभूमीच्या शिक्षकांना लोक ‘होम सायन्सवाले’ म्हणून बाजूला ठेवतात. बडोद्यात तरी असं कुणी करू नये. डॉ. प्रमिला फाटक यांनी बेलीच्या विकासमापन श्रेणीची भारतीय मानकं इथल्या बाळांवर तयार केली. ती ‘बडोदा नॉर्म्स’ म्हणूनच ओळखली जातात आणि त्यातूनच डासी ही श्रेणी आली. जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी तीत हालचालींची ६७ आणि मानसिक विकासाची १६३ कलमं आहेत. देशभर नवजात बाळांच्या पाठपुराव्यात ती वापरतात. डासीचं रीतसर प्रशिक्षण घेतलेले शिक्षक विभागात असतील तर विकासात्मक मानसशास्त्राचा पेपर सुरक्षित हातात आहे. बाळ झोपेतून नुकतं उठलेलं, भुकेलं किंवा अनोळखी माणसाला बुजलेलं असताना चाचणी घेतली तर गुण खाली येतात आणि आईच्या जिवाला घोर लागतो, हे ते पहिल्याच दिवशी सांगतात.

चाचण्यांचं एकूणच असं आहे. कामतांनी बिने बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडीत आणली, मलिन यांनी नागपुरात मुलांसाठी वेक्सलरच्या बुद्धिचाचणीची भारतीय आवृत्ती केली, भाटियांची बॅटरी (चाचण्यांचा संच) १९५५ ची. सगळी मोलाची कामं आहेत. पण मानकं जुनी झाली की आजच्या मुलाचा बुद्ध्यंक फुगून येतो, हे न सांगता चाचणी शिकवणं धोक्याचं असतं. रोर्शाकच्या शाईच्या डागांच्या चाचणीचे दहा पत्ते गाइड वाचून शिकवणारे आणि चाचण्यांच्या झेरॉक्सवर प्रात्यक्षिक उरकणारे शिक्षक असतील, तर मुलं घरी जाऊन भाच्यांचा बुद्ध्यंक काढतात आणि आकडा नातेवाइकांत सांगून मोकळी होतात. त्या पोराला तो आकडा पुढे कितीतरी वर्षं चिकटून राहतो.

बाकीच्या पार्श्वभूमी पटकन सांगतो. एम.एड. आणि शिक्षणशास्त्रातली पीएच.डी. असलेले शैक्षणिक मानसशास्त्र आणि अध्ययन-अक्षमता चांगली शिकवतात. बडोद्यात तर ही परंपराच आहे, सयाजीराव विद्यापीठात शिक्षण आणि मानसशास्त्र एकाच विद्याशाखेत नांदतात. एम.एड.वाल्यांना बोधनिक मज्जाशास्त्र (मेंदू आणि विचारप्रक्रिया यांचा अभ्यास) देऊ नये. एच.आर.मधून आलेल्यांना निवड-चाचण्या, मुलाखत, असेसमेंट सेंटर (उमेदवारांना कामं देऊन पारखणं) यांची जाण असते. रिफायनरी आणि खत-रसायनांच्या कारखान्यांच्या या शहरात एम.ए. नंतर नोकरी लावून देण्यातही त्यांची मदत होते. सैन्याच्या निवड मंडळांवर काम केलेले निवृत्त मानसशास्त्रज्ञ मिळाले तर प्रक्षेपण चाचण्यांचा (संदिग्ध चित्रं दाखवून मनातलं ओळखायच्या) सराव भरपूर असतो, फक्त तो निवडीसाठीचा असतो, निदानासाठीचा नव्हे. सायकायट्रिक सोशल वर्क केलेले कुटुंब आणि पुनर्वसन शिकवायला उत्तम. ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ असं पद दिसलं तर त्याला पीएच.डी. लागत नाही, आपल्या क्षेत्रातला १५ वर्षांचा अनुभव लागतो, आणि मुदत जास्तीत जास्त चार वर्षांची असते.

आता हिशेब करा. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवावं, सहयोगी आणि प्राध्यापकाने १४. समजा एम.ए.चे दोन वर्ग, प्रत्येकी २० तास, आणि बी.ए.चे चार वर्ग, प्रत्येकी १२ तास. झाले ८८ तास. १६ ने भागलं तर साडेपाच, म्हणजे सहा माणसं पूर्णवेळ हवीत, आणि यात प्रात्यक्षिकाच्या तुकड्या धरलेल्याच नाहीत. यादीत सात नावं असतील पण त्यातली चार व्हिजिटिंग, तर तीन माणसं हा गाडा ओढताहेत. नावापुढे ‘पूर्णवेळ’, ‘कंत्राटी’, ‘मानद’ यातलं काय आहे, हे नीट विचारावं. बी.ए.चं चौथं वर्ष संशोधनासह चालवायचं असेल तर विभागात किमान दोन कायम शिक्षक पीएच.डी.चे मान्य मार्गदर्शक हवेत, तेवढे तरी आहेत का ते यावरून कळेल.

एक नाजूक बाब. क्लिनिकल शिक्षकांचं संध्याकाळी स्वतःचं क्लिनिक असणं चांगलं, हात चालता राहतो. पण आपल्याच विद्यार्थ्यांवर उपचार करणं किंवा त्यांना आपल्याच क्लिनिकात पैसे घेऊन ‘इंटर्नशिप’ देणं चूक आहे. जो गुण देणार त्याच्यासमोर मूल मन कसं मोकळं करील? इंटर्नशिप कारेलीबागच्या मानसिक आरोग्य रुग्णालयासारख्या ठिकाणी, विद्यापीठाच्या लेखी कराराने आणि रोज देखरेख करणाऱ्या माणसाच्या नावासह असावी. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हा २०१७ च्या कायद्याच्या कलम २३ ने दिलेला रुग्णाचा हक्क आहे. केस रिपोर्टात खरी नावं लिहू देणारे शिक्षक दिसले तर ती साधी विसरभोळी चूक समजू नका.

आणि भाषा. तुमच्या मुलीला मराठी-हिंदी येत असेल, पण इथे येणारा रुग्ण बहुतेक वेळा गुजरातीत बोलतो. ‘मूंझवण थाय छे’ या एका वाक्यात घाबरणं, गोंधळणं, जीव गुदमरणं सगळं येतं, आणि त्यातलं नेमकं कोणतं हे विचारून घ्यावं लागतं. देखरेख करणाऱ्या शिक्षकांना गुजराती चांगली येते ना, हे बघा.

विभागात जाल त्या दिवशी शेवटी चाचण्यांचं कपाट उघडायला सांगा. आत काय काय आहे यापेक्षा त्याच्या नोंदवहीत शेवटची चाचणी कोणत्या तारखेला, कुणी, कुणाच्या सहीने नेली आणि परत केली ते वाचा. सही ज्यांची असेल, त्या शिक्षकांशी मुलीला अर्धा तास बोलू द्या. फी त्यानंतर भरा.